शेंदूर, हिंगूळ आणि दगड

देवासच्या टेकरीवर तुळजाभवानीचे आणि चामुंडेचे दर्शन घेताना शेंदराखालचा पाषाण आपल्याला दिसत नाही, आणि तो दिसावा असे कोणाला वाटतही नाही. संग्रहालयात मात्र उघडा दगड पाहिल्याखेरीज मूर्ती प्राचीन वाटत नाही. जुन्या मूर्तिकारांना या आवडीचे नवलच वाटले असते.

आपल्या धार जिल्ह्यातील बाघची लेणी पाचव्या-सहाव्या शतकांतील. भिंती, छत, खांब, सर्वत्र गिलावा चढवून चित्रे काढलेली. दुसऱ्या लेण्यात स्तूपाच्या गाभाऱ्याबाहेर बुद्ध आणि बोधिसत्त्व उभे आहेत. लोकांनी त्यांना पांडव ठरवून टाकले! आज ते निव्वळ वालुकाश्म दिसतात. पण भोवतालचे सारे रंगविणाऱ्यांनी मूर्तीच तेवढ्या कोऱ्या ठेवल्या असतील, हे मनाला पटत नाही.

रंग टिकला असता तर काय दिसले असते, याची कल्पना चीनमध्ये येते. शांतुंग प्रांतातील चिंगचौ येथे १९९६ साली शाळेचे मैदान सपाट करताना लुंगशिंग मंदिराच्या जागी सुमारे ४०० बौद्ध मूर्ती सापडल्या. शतकानुशतके पुरलेल्या असल्याने कित्येकींवर हिंगुळाचा लाल, हिरवा, निळा रंग आणि सोन्याचा मुलामा शाबूत होता.

त्यांत शैलीचा पालट स्पष्ट दिसतो. उत्तर वेई काळातील बुद्ध सडपातळ, जाड वस्त्रांच्या खोल चुण्यांत झाकलेला. उत्तर छी राजवटीत (५५०–५७७) वस्त्र अंगाला चिकटते, चुण्या जवळजवळ नाहीशा होतात, देह भरीव होतो. हा आपल्या गुप्तकालीन मूर्तींचा संस्कार. या बुद्धाचे बाघच्या बुद्धाशी नाते लागते. गंमत अशी, की चीवराचे ठिगळांचे चौकोन आता छिन्नीने न कोरता केवळ रंगाने दाखविले. रंग पुसला, तर अर्धे चीवरच गेले!

बाघच्या मऊ दगडाला ओल बाधली. दुसऱ्या लेण्यात १९२९ साली माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट मिळाला. त्यात बुद्धाच्या पूजेसाठी गंध, धूप, फुले, तसेच विहाराच्या भग्न भागांची डागडुजी यांसाठी दान दिले आहे. म्हणजे पडझडीची काळजी तेव्हाही होतीच.

बाघला गेलात, तर मूर्तींना हात न लावता बाजूने उजेड धरून पाहा: चुण्या कोठे कोरल्या आहेत, आणि कोठे दगड सपाटच सोडला आहे.