मीटरचा लाल डोळा
आमच्या इमारतीत जिन्याखाली सगळ्यांचे विजेचे मीटर ओळीने बसवलेत. परवा रात्री बाहेरून येताना माझा भाचा तिथेच थबकला. "मावशी, आपला मीटर डोळा मिचकावतोय! आणि शेजारच्या काकूंचा बघ, किती भराभर!"

खरंच, प्रत्येक मीटरवर एक चिमुकला लाल दिवा लुकलुकत होता. हात न लावता आम्ही नुसतं वाकून पाहिलं. दिव्याशेजारी बारीक अक्षरांत ३२०० हा आकडा छापलेला. म्हणजे हा दिवा ३२०० वेळा लुकलुकला, की घरात एक युनिट वीज वापरली गेली. (तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असू शकतो, आधी तो बघा.)

मग काय, आम्ही प्रयोगच मांडला. मी वर जाऊन घरातली सगळी बटणं बंद केली, अगदी फ्रिजचंसुद्धा, आणि एकच पंखा लावला. खाली भाचा घड्याळ घेऊन उभा. दर पंधरा सेकंदांनी एक लुकलुक. पंखा बंद करून हजार वॅटची इस्त्री लावली, तर मिनिटात ५३! गिझर लावल्यावर मोजता मोजता त्याची दमछाक झाली, १०७ भरले. शेवटी नुसता नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला. दोन मिनिटं झाली तरी काहीच नाही. "मावशी, मीटर बंद पडला गं!" असं तो जिन्यातून ओरडला आणि तेवढ्यात डोळा एकदा मिचकला.

मला हा खेळ फार आवडतो, कारण वॅट आणि युनिट यांत मोठी माणसंसुद्धा घोळ घालतात. "आमच्या गिझरला दोन हजार वॅट वीज लागते," असं कुणी म्हणालं की विचारायचं, किती वेळ? वॅट म्हणजे वीज किती भराभर खर्च होतेय ते. सायकल ताशी दहा किलोमीटरने धावली, एवढंच सांगितलं तर तुम्ही किती लांब गेलात ते कळेल का? किती वेळ चालवली तेही सांगावं लागेल ना? तसंच हे. हजार वॅटची इस्त्री सलग तासभर तापली, की एक युनिट. गिझर तेवढंच युनिट अर्ध्या तासात संपवतो. नऊ वॅटचा दिवा मात्र तेवढ्यावर १११ तास जळतो, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त!

एका युनिटात काम तरी किती मावतं? पंधरा लिटरची भरलेली बादली घ्या आणि एक मजला, म्हणजे तीन मीटर, वर न्या. आता खाली या आणि दुसरी न्या. अशा साधारण आठ हजार बादल्या वर पोचल्या, की एक युनिट! हे फक्त पाणी उचलण्याचं काम झालं, तुमचं स्वतःचं वजन जिना चढवण्याचं यात धरलेलंच नाही. मी पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा चूक झाली असं वाटून तीनदा पडताळून पाहिला होता.

आता व्होल्ट आणि अँपिअर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर कसं धो धो येतं, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. विजेचा असा जोर म्हणजे व्होल्ट, आणि दर सेकंदाला किती वीज वाहते ते सांगतो अँपिअर. व्होल्ट हे नाव इटलीतले शास्त्रज्ञ व्होल्टा यांच्यावरून पडलं. जस्त आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घालून त्यांनी १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे आणली.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. घरात २३० व्होल्ट असतात. त्यामुळे गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, म्हणून त्याची वायर जाड आणि प्लगही दांडगा. मोबाइलच्या चार्जरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेलं दिसलं तर ते झाले दहा वॅट. पाण्याची तुलना एका ठिकाणी मात्र फसते. पाइप फुटला तर पाणी सांडतं. तार तुटली तर वीज सांडत नाही, वाहायची थांबते. पण तुटक्या टोकापाशी जोर तसाच दबा धरून असतो, म्हणून लोंबणाऱ्या तारेजवळ कध्धी कध्धी जायचं नाही.

"म्हणजे कोयना धरणाची वीज तारेतून वाहत वाहत आपल्या घरी येते?" भाच्याने विचारलं. प्रश्न झकास होता. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून कोकणच्या बाजूला खाली झेपावतं आणि डोंगराच्या पोटात बसवलेली चाकं गरगर फिरवतं. सगळे संच पूर्ण जोरात चालले तर १९६० मेगावॅट, म्हणजे एका सेकंदाला ५४४ युनिटं! पण तिथला इलेक्ट्रॉन काही आपल्याकडे येत नाही. आजी रवीने ताक घुसळते तेव्हा दोरी पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे. दोरी होती तिथेच राहते, लोणी मात्र निघतं. तारेतले इलेक्ट्रॉनही असेच जागच्या जागी पुढे-मागे हलतात, सेकंदाला पन्नास वेळा. गल्लीतल्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, तर तारेची दोन वेटोळी एकमेकांना जोडलेलीसुद्धा नसतात. एकातून दुसऱ्यात वीज पोचते ती चुंबकत्वाच्या जोरावर. आपल्या दिव्यात नाचणारा इलेक्ट्रॉन आपल्याच तारेतला, घुसळणारा हात तेवढा कोयनेचा.

दुसऱ्या रात्री त्याने प्रयोग एकट्याने मांडला. दिवे, पंखे बंद, फ्रिज थोडा वेळ बंद. तरी खाली मीटरने डोळा मिचकावला. धावत वर आला, "मावशी, घरात कुणीतरी जागं आहे!" आम्ही बॅटरी घेऊन खोल्या धुंडाळल्या. टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स नुसता रिमोटने बंद केलेला होता. हात लावला तर कोमट लागला.