श्रीहरिकोट्याचं उड्डाण पाहताना

आंध्र प्रदेशात, चेन्नईच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर श्रीहरिकोटा बेट आहे. सुल्लुरपेट्टाहून तिथे जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. हिवाळ्यात दोन्ही बाजूंच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे दिसतात, त्यासाठीही थोडं लवकर निघावं. सतीश धवन अवकाश केंद्रातली प्रेक्षक गॅलरी 2019 पासून सर्वसामान्यांसाठी खुली आहे. मात्र इस्रोच्या संकेतस्थळावर आधी नावनोंदणी करावी लागते, आणि गाजलेल्या मोहिमेच्या जागा बघता बघता संपतात.

आधी दिसतो तो प्रकाश. ध्वनीला किलोमीटरभर अंतर कापायला सुमारे 3 सेकंद लागतात. त्यामुळे सात किलोमीटरवरच्या प्रेक्षकाला गडगडाट वीसेक सेकंदांनी ऐकू येतो. तोवर रॉकेट बरंच वर गेलेलं असतं. ढगाळ दिवशी तर ते ढगात शिरून दिसेनासं होतं आणि मागे नुसता आवाज उरतो.

ड्रोन मात्र घरीच ठेवावा. ‘ड्रोन नियम, 2021’ नुसार हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग आहेत. लाल विभागात उड्डाणाला केंद्र सरकारची परवानगी लागते. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन हौसेसाठी उडवायला परवाना लागत नाही, पण म्हणून तो लाल विभागात नेता येत नाही. हे विभाग ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहता येतात. उड्डाणाच्या वेळी वैमानिकांना वेगळी सूचना निघते, मच्छीमारांनाही ठरलेल्या सागरी पट्ट्यापासून दूर राहायला सांगतात.