वासरू उचलणारा मल्ल

प्राचीन ग्रीक मल्ल मिलो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढले तशी त्याची ताकदही वाढली, अशी दंतकथा आहे. बारबेलच्या व्यायामाचे तत्त्व हेच. जमिनीवरून वजनाचा दांडा उचलताना तो नडगीलगत असावा. गुडघे व कंबर वाकवावी, पण पाठीला पोक येऊ देऊ नये. पायांच्या जोरावर उठावे. सलग ५ वेळा नीट जमले, की पुढील खेपेस अडीच किलोच वाढवावे. मध्ये एक दिवस विश्रांती घ्यावी. स्नायू तेव्हाच भरून येतात. युरियाचे ४५ किलोचे पोतेही असेच अंगालगत धरून उचलावे. जुनी पाठदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. बळ एका दिवसात येत नाही. कमरेत उसण मात्र एका झटक्यात भरते.