शाळेची सूचना आईपर्यंत पोहोचते का? मुळशीतील पालकांसाठी काही गोष्टी

२५ जुलै २०२४ चा पाऊस मुळशीकरांच्या चांगला लक्षात आहे. ताम्हिणी घाटात चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. ओढे रस्त्यावर आले आणि मुळशीसह घाटाकडच्या भागातील शाळांना प्रशासनाने सुट्टी जाहीर केली. निर्णय योग्यच होता. पण अशी सुट्टी मुलाच्या घरी नेमकी कळते कशी, हे कधी पाहिले आहे का? जिल्ह्याहून आदेश पौडला पंचायत समितीत येतो. तिथून केंद्रप्रमुखांकडे, केंद्रप्रमुखांकडून मुख्याध्यापकांकडे आणि मग वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. इथवरचा प्रवास अर्ध्या तासात होतो. शेवटचा टप्पा मात्र लांबचा आहे. ग्रुपमध्ये नंबर असतो वडिलांचा. वडील हिंजवडीत रात्रपाळीला असतात, किंवा पिरंगुटच्या एखाद्या कारखान्यात, जिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. घरी आई असते आणि तिच्याकडे साधा फोन असतो किंवा फोनच नसतो. ती नेहमीप्रमाणे डबा भरते, पोराच्या हातात छत्री देते आणि त्याला शाळेच्या वाटेला लावते.

ग्रुपवर टाकले म्हणजे पालकांना कळवले, असे आजकाल शाळा धरून चालतात. सूचना पाठवणे वेगळे आणि ती पोहोचणे वेगळे. या दोन गोष्टींतले अंतर नेहमी त्याच घरांच्या वाट्याला येते. ती घरे म्हणजे वस्तीच्या टोकाची, मजुरीवर जगणारी, मराठवाड्यातून किंवा विदर्भातून कामासाठी आलेली, भाड्याच्या एका खोलीत राहणारी. मुळशीत अशी आपली घरे थोडीथोडकी नाहीत.

शाळेचे दैनंदिन नियम ही बारीकसारीक बाब आहे, त्यावर लेख कशाला, असे कुणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. रजिस्टरमधला तो १९१४ वा क्रमांक आपल्यापैकी अनेकांनी फोटोत पाहिला असेल. राज्य शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. प्रवेश मिळाला, नोंद झाली, पण वर्गात बसायला घरून आणलेले तरटाचे बसकर होते आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नव्हते. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. हा नियम फलकावर लावायची कुणाला गरज वाटली नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक होता आणि त्याबद्दल विचारायची सोय कुणालाच नव्हती. शाळेचा कोणता नियम लेखी आहे, कोणता नुसता रिवाज आहे आणि कोणता एखाद्या शिक्षकाने आपल्या मनाने चालवला आहे, हे विचारायची सवय आपल्या घरांत असली पाहिजे ती यासाठी.

कायदा काय सांगतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के प्रवेशाचे कलम सगळ्यांना पाठ असते. कलम २४ मात्र फारसे कुणी वाचत नाही. त्यात शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. त्यांतले एक असे की शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, प्रगती व इतर आवश्यक माहिती पालकांना द्यायची. म्हणजे पालकांना माहिती देणे ही शाळेची मेहेरबानी नाही, शिक्षकाच्या कामाचाच तो भाग आहे. त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई करते. गणवेश नाही म्हणून पहिलीच्या पोराला तासभर वर्गाबाहेर उभे करणे आमच्या मते मानसिक त्रासात मोडते. अमुक एक नियम पालकांना माहीत नव्हता, याची शिक्षा मुलाला तर नकोच.

गणवेशाचेच पाहा. २०२४-२५ मध्ये शासनाने 'एक राज्य एक गणवेश' योजना आणली. कापड एकीकडून, शिलाई दुसरीकडून. अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, जे पोहोचले त्यांतले काही मापात नव्हते. पुढे हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्यात आला. मधल्या काळात कितीतरी आईबापांना आपलाच गणवेश का आला नाही ते कळेना. कुणी उसनवारी करून बाजारातून घेतला. उशीर सगळीकडेच आहे, गणवेश मोफत मिळणार आहे आणि तोवर साधे कपडे चालतील, एवढी चार वाक्ये फळ्यावर लिहिली असती तर त्या घरांचे पैसे वाचले असते.

वेळेचेही तसेच. पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगलाच आहे. पण ज्या घरात आई सकाळी ८ ला सोसायटीत कामाला जाते आणि बाप ७ च्या कंपनीच्या बसने, तिथे ९ वाजेपर्यंत पोराला सांभाळणार कोण? थोरले भावंड पाचवीत असेल आणि त्याची शाळा वेगळ्या वेळेला भरत असेल तर सोबतही सुटते. वेळ बदलण्याआधी पालकसभेत हा विषय निघाला तर दोन-तीन घरे मिळून सोय लावू शकतात. बदललेली वेळ आदल्या संध्याकाळी ग्रुपवर आली, तर दुसऱ्या दिवशी मूल बंद फाटकाबाहेर बसून राहते.

रजिस्टरमधली नोंद

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. शाळेत नाव घालताना जो अर्ज भरला जातो, त्यावरून जनरल रजिस्टरमध्ये नोंद होते. पुढे शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून निघतो आणि जातीच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळी कागदपत्रे त्या दाखल्याकडे बोट दाखवतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी धर्माची नोंद आणि मूळ जातीची नोंद या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे अर्ज भरणाऱ्याला माहीत असावे लागते. प्रवेशाच्या दिवशी घाई असते. आई अंगठा करते किंवा सही करते, अर्ज दुसराच कुणीतरी भरतो आणि धर्माच्या रकान्यात हिंदू लिहून मोकळा होतो. कधी जातीचा रकाना कोरा राहतो. कधी वडिलांच्या दाखल्यावर एक आणि मुलाच्या नोंदीत दुसरेच. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीच्या आडनावातली एक वेलांटी चुकली होती. ती दहावीनंतर लक्षात आली आणि ती दुरुस्त करायला बापाचे सहा खाडे पडले.

मूल शाळेत शिकत असेपर्यंत पुरावा देऊन अशी चूक दुरुस्त करून घेणे तुलनेने सोपे असते. दाखला हातात पडल्यावर तेच काम फार अवघड होते. म्हणून पहिलीला नाव घातल्यावर महिन्याभरात मुख्याध्यापकांना विनंती करून ती नोंद डोळ्यांनी वाचा. नाव, आडनाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोरीला सोबत न्या. बोनाफाईड मागितला तरी बऱ्याच गोष्टी कळतात. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाकारता येत नाही. हे कायद्यातच आहे. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांना ते आवर्जून सांगा.

सवलतींच्या बाबतीत हेच घडते. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या विमुक्तांच्या पहिली ते चौथीतील मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये उपस्थिती भत्ता मिळतो. १९९२ पासून तो रुपया रुपयाच राहिला आहे, त्यावर वेगळे लिहावे लागेल. पाचवीपासून अनुसूचित जातीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. रक्कम लहान आहे, पण त्यासाठी बँक खाते, आधार आणि कागद वेळेत लागतात. शेवटची तारीख उद्या आहे हे आज कळले तर उपयोग काय?

खासगी शाळेत २५ टक्क्यांतून गेलेल्या मुलांच्या घरची तऱ्हा वेगळी. भूगाव, बावधन, हिंजवडी या पट्ट्यात आपली काही मुले अशा शाळांत आहेत. तिथे सूचनांचा पाऊस पडतो आणि सगळा इंग्रजीत. सहलीचे पैसे, स्नेहसंमेलनाचा पोशाख, अमुक रंगाचे बूट. कोणती गोष्ट सक्तीची आणि कोणती ऐच्छिक हे त्यात सापडत नाही. पालक विचारायला लाजतात आणि मग मूल त्या दिवशी 'आजारी' पडते. या मुलांना वर्गात वेगळे बसवता येत नाही. पुस्तके, गणवेश, खेळ आणि इतर उपक्रमांत भेदभावही करता येत नाही. ठरावीक दुकानातूनच वस्तू घ्या अशी सक्ती कोणत्याच शाळेला करता येत नाही. प्रवेशाच्या तारखा तर फक्त ऑनलाइन येतात. २०२४ मध्ये शासनाने नियम बदलला, तो जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, आणि या घोळात अर्ज पुन्हा भरायचा की नाही हेच पुष्कळांना कळले नव्हते.

समितीत कोण बसते?

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी लागते. अध्यक्ष पालकांमधून होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. निवड पालकसभेत होते. आता खरे बोलायचे तर ती पालकसभा कधी झाली हेच वस्तीत माहीत नसते. दुपारी दोनची वेळ, दहा-बारा पालक हजर, गावातल्या दोन मोठ्या घरांची नावे आधीच ठरलेली. आपली एखादी बाई कागदावर सदस्य असते, सहीपुरती. दोष सगळा गावाचा नाही. बोलावणे आल्यावरही आपणच 'मास्तर बघतील' म्हणून कामावर जातो. एक दिवसाची मजुरी बुडवणे सोपे नाही हे आम्हाला मान्य आहे. म्हणून सभा रविवारी किंवा संध्याकाळी घ्या, अशी लेखी मागणी वस्तीतल्या दहा पालकांनी मिळून करायला हवी. एकट्याने मागितले तर गाऱ्हाणे वाटते, दहा जणांनी मागितले तर तो सभेपुढचा विषय होतो.

समितीत आपला माणूस असला की फरक कुठे पडतो याचे साधे उदाहरण देतो. जूनमध्ये शाळेचे वर्षभराचे नियोजन ठरते. सहल कधी, स्नेहसंमेलन कधी, चाचणी कधी. ६ डिसेंबरला स्नेहसंमेलनाची तालीम ठेवली जाते, १ जानेवारीला एखादी चाचणी. त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असे नाही, सांगणारे कुणी तिथे नसते इतकेच. १ जानेवारीला पुणे जिल्ह्यातली आपली किती घरे विजयस्तंभाला जातात हे आपणच सांगायला हवे, आणि तेही जूनमध्ये, डिसेंबरच्या शेवटी नव्हे. तसेच ७ नोव्हेंबर, २६ नोव्हेंबर आणि ३ जानेवारी हे दिवस शाळा कशा साजऱ्या करणार, पालकांना बोलावणार का, हेही तेव्हाच विचारता येते. परिपाठात संविधानाची प्रास्ताविका वाचली जावी असे शासनाने २६ जानेवारी २०२० पासून सांगितले आहे. आपल्या शाळेत ती वाचली जाते का, हे मुलाला विचारा. ते लगेच सांगेल.

माहितीचा रस्ता दुहेरी असतो. पत्ता बदलला, फोन बदलला, महिनाभर गावी जाणार असाल, मुलाला फिट येते किंवा एखादे औषध चालू आहे, हे शाळेला आपण कळवायचे. शाळेतून मुलाला कोण नेणार हेही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत जे घडले त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि सखी सावित्री समिती यांबाबत शाळांना पुन्हा आदेश दिले. आपल्या शाळेतली तक्रार पेटी कुठे टांगली आहे आणि ती कोण उघडतो, हे प्रत्येक आईला माहीत असावे.

आणि विहाराचे काय? मुळशीत आपल्या वस्त्यांमध्ये विहारे आहेत, रविवारी वंदनेला बायाबापड्या जमतात. तिथल्या फळ्यावर वर्षावासाच्या कार्यक्रमाशेजारी शाळेच्या सूचनेला हातभर जागा द्यायला हरकत नसावी. वस्तीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने किंवा मुलीने शनिवारी शाळेत जाऊन आठवड्याच्या सूचना उतरवून आणायच्या, वंदनेनंतर पाच मिनिटे वाचून दाखवायच्या. ज्यांच्याकडे फोन नाही अशा घरांची नावे लिहून एकेका शेजाऱ्याकडे सोपवायची. पावसाळ्यात सकाळी साडेसहाला सुट्टीचा निरोप आला, तर त्या घराचे दार त्या शेजाऱ्याने वाजवायचे. शिक्षकांनाही ही यादी द्या. बहुतेक शिक्षकांना अशी मदत हवीच असते, दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळताना ते तरी घरोघर किती जाणार. यंदाची पहिली पालकसभा कधी आहे, एवढे येत्या सोमवारी शाळेत विचारून या आणि ती तारीख विहाराच्या फळ्यावर लिहा.