सह्याद्रीतील निसर्गदृश्य छायाचित्रण

सह्याद्रीतील निसर्गदृश्य छायाचित्रण म्हणजे पश्चिम घाटाच्या महाराष्ट्रातील भागात डोंगर, कडे, दऱ्या, पठारे, धबधबे आणि आकाश यांचे ऋतुमान व प्रकाश लक्षात घेऊन केलेले छायाचित्रण होय. बेसाल्ट खडक, मोसमी पाऊस आणि उष्ण कटिबंधातील सूर्याची उंची या तीन घटकांमुळे एकाच ठिकाणाचे रूप वर्षभरात अनेकदा पालटते. समशीतोष्ण प्रदेशांतील चार ऋतू गृहीत धरून सांगितलेले छायाचित्रणाचे नियम त्यामुळे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

भूरचना आणि प्रकाशाची दिशा

सह्याद्रीचा हा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. हे थर कड्यांवर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. प्रकाश समोरून पडल्यास ते सपाट भासतात, तर तिरप्या प्रकाशात त्यांच्या कडा व खाचा उठून दिसतात. पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरलेली असून कोकणाकडील उतार तीव्र आहे. त्यामुळे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखे पश्चिमाभिमुख कडे सकाळी सावलीत असतात आणि दुपारनंतर उजळतात. देशाकडील उतारांवर याउलट स्थिती असते.

सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून लांबचा मार्ग कापावा लागतो. या प्रवासात निळा प्रकाश अधिक विखुरला जातो आणि उरलेला प्रकाश पिवळसर-तांबूस दिसतो. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो व तसाच मावळतो, म्हणून ही वेळ अल्प असते. विषुवदिनाच्या सुमारास क्षितिजापासून सहा अंश चढण्यास सूर्याला पुण्याच्या अक्षांशावर सुमारे २५ मिनिटे लागतात. लंडन येथे त्यासाठी सुमारे ३८ मिनिटे लागतात.

पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, तर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस तो थेट डोक्यावर येतो. सूर्योदयाचे स्थानही जून ते डिसेंबर या काळात क्षितिजावर सुमारे ५० अंशांनी सरकते. एखाद्या सुळक्यामागून उगवणारा सूर्य टिपायचा असल्यास केवळ वेळ नव्हे, तर तारीखही निश्चित करावी लागते.

ऋतूंनुसार स्वरूप

पावसाळा (जून ते सप्टेंबर): ढगांतून झिरपणारा प्रकाश सर्व बाजूंनी सारखा पडतो व गडद सावल्या राहत नाहीत. ओल्या पानांवरील चकाकीमुळे हिरवा रंग फिका दिसतो. ध्रुवण फिल्टर लावल्यास ती चकाकी कमी होते, मात्र भिंगातून येणारा प्रकाशही घटतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे मानतो. म्हणून दाट धुके मळकट दिसू नये यासाठी एक्स्पोजर किंचित वाढवावे लागते. नाणेघाटात जोराच्या वाऱ्याने धबधब्याचे पाणी वर फेकले जाते. शटरचा वेग जास्त ठेवल्यास त्यातील थेंब सुटे दिसतात, कमी ठेवल्यास पाण्याचा पडदा दिसतो.

सूर्य पाठीशी आणि धुके खाली दरीत असेल, तर पाहणाऱ्याच्या सावलीभोवती रंगीत वलये उमटतात. या दृश्यास ‘इंद्रवज्र’ म्हणतात. कर्नल साइक्स यांनी हरिश्चंद्रगडावरील अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन १८३५ साली केले होते. प्रत्येकाला वलयाच्या केंद्रस्थानी स्वतःचीच सावली दिसते.

शरद (सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर): पावसाने धूळ बसलेली असल्याने हवा पारदर्शक असते आणि दूरच्या रांगा स्पष्ट दिसतात. पठारांवर तेरडा, सोनकी यांसारखी फुले असतात. गवत हळूहळू पिवळे पडू लागते. कारवी साधारणपणे सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे तिच्या फुलोऱ्याची संधी क्वचितच मिळते.

हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी): रात्री थंड हवा दरीत साचते व पहाटे तेथे धुके धरते. उंचावरून पाहिल्यास शिखरे त्यातून बेटांप्रमाणे वर आलेली दिसतात. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तिरपा प्रकाश अधिक काळ मिळतो. उत्तराभिमुख कडे मात्र बराच वेळ सावलीत राहतात.

उन्हाळा (मार्च ते मे): धुरकट हवेमुळे दूरच्या रांगा एकामागून एक फिकट होत जातात. या स्तरांचा उपयोग चित्रात खोली दाखवण्यासाठी होतो. ऋतूच्या प्रारंभी पळस, पांगारा आणि काटेसावर पानगळीच्या रानात लाल-केशरी रंग आणतात. पुढे वळवाचे ढग जमू लागतात. त्या वेळी उघड्या सड्यावर किंवा शिखरावर थांबणे विजेमुळे जिवावर बेतू शकते.

नोंद म्हणून महत्त्व

ठरावीक बिंदूवरून, त्याच दिशेने आणि वर्षाच्या त्याच सुमारास पुन्हा घेतलेली छायाचित्रे भूप्रदेशातील बदलाचा पुरावा ठरतात. आल्प्स पर्वतातील हिमनद्यांच्या अभ्यासात ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासून वापरली गेली आहे. सह्याद्रीत तिचा अवलंब करताना ऋतू व प्रकाश यांची नोंद अनिवार्य ठरते. अन्यथा ऑगस्टमधील हिरवा आणि एप्रिलमधील उघडा उतार यांची तुलना करून जंगल तुटल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून छायाचित्रासोबत स्थान, दिशा, तारीख, वेळ व भिंगाचे नाभ्यंतर नोंदवणे उपयुक्त असते.

पर्यावरणावरील परिणाम

साताऱ्याजवळील कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात समाविष्ट झाले. तेथे खडकावरील मातीचा थर अत्यंत पातळ आहे. छायाचित्रासाठी ताटव्यात शिरल्यास फुले तुडवली जातात, बी धरण्यापूर्वीच रोपे मरतात आणि पुढील वर्षी त्या जागी फुलोरा विरळ होऊ शकतो. त्यामुळे अशा पठारांवर आखलेल्या वाटेवरूनच छायाचित्रण करणे आवश्यक असते. लांब नाभ्यंतराच्या भिंगाने वाटेवरूनही फुलांचा ताटवा दाट भासेल असे छायाचित्र घेता येते.