विश्लेषण : दिव्यांगांच्या करिअर कार्यशाळा घेणार कोण? ढाणकीसारख्या गावांना ‘सुलभक’ का हवेत?

दिव्यांगांसाठी तपासणी शिबिरे होतात, साहित्यवाटप होते, मेळावेही होतात. पण ‘मला कोणते काम जमेल, ते कुठे मिळेल आणि त्यासाठी काय शिकावे लागेल,’ या प्रश्नांवर दिव्यांग तरुणांसोबत दोन-तीन दिवस बसून बोलणारे माणूस सहसा सापडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावासाठी ही उणीव मोठी आहे. जिल्ह्याचे ठिकाण इथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. त्यामुळे मार्गदर्शन गावातच मिळायला हवे आणि त्यासाठी आधी मार्गदर्शक घडवावे लागतील.

आकडे काय सांगतात?

२०११च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग होते, त्यापैकी सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रात. देशातील दिव्यांगांपैकी काम करणारे जेमतेम ३६ टक्के. पुरुषांत हे प्रमाण ४७ टक्के, तर स्त्रियांत केवळ २३ टक्के होते. म्हणजे कार्यशाळेत मुली-महिला आल्या नाहीत, तर ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्याच बाहेर राहतात.

कायद्यात तरतूद आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले. सरकारी नोकरीतील आरक्षण ३ वरून ४ टक्के झाले. कलम १९नुसार सर्वसाधारण कौशल्य प्रशिक्षण योजनांत दिव्यांगांना सामावून घेणे, सवलतीच्या दरात कर्ज देणे आणि त्यांच्या उत्पादनांच्या विक्रीला मदत करणे, ही सरकारची जबाबदारी आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी बाजाराशी जोडलेले स्वतंत्र प्रशिक्षणही त्यात अपेक्षित आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही सुरू केला. तरतुदी आहेत, त्या गावपातळीवर समजावून सांगणारे हात कमी आहेत.

सुलभक म्हणजे नेमके कोण?

‘सुलभक’ हा शब्द शिक्षकांना परिचित आहे. तो व्याख्यान देत नाही. गटाला बोलते करतो आणि निर्णय त्यांनाच घेऊ देतो. आशा सेविका, बचतगटाच्या कार्यकर्त्या, शिक्षक, ग्रंथपाल यांपैकी कुणीही सुलभक होऊ शकते. मात्र दोघांच्या जोडीत एक जण स्वतः दिव्यांग असावा. भारताने २००७मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या अनुच्छेद २६मध्येही समदुःखी सोबत्यांच्या आधाराचा उल्लेख आहे. स्वतः कमावणारी अंध व्यक्ती समोर उभी राहिली, की पालकांच्या अर्ध्या शंका तिथेच फिटतात.

प्रशिक्षणात काय शिकवावे?

पहिली गोष्ट जागेची. तळमजला, वापरता येईल असे स्वच्छतागृह, एसटीच्या वेळेशी जुळणारी सत्रे. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण शेवटची बस चुकली तर तिचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट संवादाची. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी, अंधांसाठी फळ्यावरचा प्रत्येक शब्द वाचून दाखवणे, बौद्धिक दिव्यांगांसाठी चित्रे आणि सोपी वाक्ये. ढाणकीला लागून असलेल्या बंदी भागातून येणाऱ्यांशी गोरमाटीतही बोलावे लागेल. आणि प्रश्न सोबतच्या भावाला नव्हे, थेट त्या व्यक्तीलाच विचारायचा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कामाची फोड. ‘किराणा दुकान’ हे एक काम नाही. माल मागवणे, मोजणे, हिशेब, उधारी, गिऱ्हाईक अशी ती अनेक कामे आहेत. यातले कोणते जमते, कोणते साधनाने जमेल आणि कोणते दुसऱ्याकडे सोपवावे, हे कागदावर मांडायचे. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा साउंडबॉक्स अंध दुकानदाराची एक अडचण सोडवतो; वजनाचा बोलका काटा दुसरी.

‘वाजवी सोय’ हा हक्कही समजावून द्यावा लागतो. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हाताला त्रास होणाऱ्या परीक्षार्थीला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला, तोही ४० टक्क्यांची अट आड येऊ न देता. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हे माहीत हवे.

सर्वांत अवघड प्रश्न कोणता?

‘कमवायला लागलो तर अनुदान बंद होईल का?’ घराघरांत हा प्रश्न असतो. संजय गांधी निराधार योजनेला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे, त्यामुळे ही भीती निराधार नाही. सुलभकाने ती उडवून लावू नये. सध्याची मर्यादा तहसीलमधून विचारून घ्यावी आणि अपेक्षित कमाई व अनुदान यांचा हिशेब कुटुंबासमोर मांडावा. निर्णय त्यांचा.

खर्च कुठून?

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. ढाणकी नगरपंचायत असो की भोवतालच्या ग्रामपंचायती, या निधीतून कार्यशाळेची मागणी नागरिक करू शकतात. सुलभकांच्या प्रशिक्षणासाठी दिव्यांगांची कौशल्य परिषद प्रशिक्षकांचे वर्ग घेते. स्वयंरोजगाराच्या कर्जासाठी राज्याचे दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे. ‘उमेद’ अभियानात दिव्यांगांचा बचतगट किमान ५ सदस्यांतही उभा राहतो.

जवळचा धडा कोणता?

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचे आनंदवन. बाबा आमटे यांनी १९४९मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या या वसाहतीत कुष्ठमुक्तांनी शेती आणि उद्योग उभे केले. तिथल्या ‘संधीनिकेतन’मध्ये दिव्यांगांना व्यवसाय शिक्षण मिळते. तिथे शिकणे आणि काम एकाच आवारात आहे. गावात तसे आवार नसते. म्हणून शिकणे आणि काम यांच्यातला दुवा सुलभकालाच व्हावे लागते.

यश कसे मोजायचे?

हजेरीपट, हारतुरे आणि फोटोंवरून नाही. कार्यशाळेनंतर महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी प्रत्येकाला फोन किंवा भेट हवी. कोण शिकायला लागले, कुणाचा कर्जाचा अर्ज अडला, कोण आठवडी बाजारात बसू लागले, याची साधी वही ठेवली तरी पुरे. अर्ज अडला असेल, तर सोबत कार्यालयात जाणे हेही सुलभकाचेच काम.