टेकडी रोजची, तरी माहितगार हवाच

पुण्यात नेमाने टेकडीवर जाणारे पुष्कळ. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती. उजाडायच्या आधीपासून वाटांवर वर्दळ असते. त्यामुळे रविवारी कुणी झाडं-पक्षी दाखवायला फेरी काढली, की ठरलेला प्रश्न येतो, ‘टेकडी आम्हाला पाठ आहे, तिथे कसला गाइड?’ वाट पाठ असते हे खरंच. पण वाटेच्या दोन्ही अंगांना जे आहे, त्याबद्दल रोज जाणाऱ्यांच्या मनातही काही पक्के गैरसमज असतात. त्यातले काही टेकडीच्या जिवावर उठतात. माहितगाराबरोबर जाण्याचा सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसतो.

‘उन्हाळ्यात टेकडी ओसाड पडते, झाडं लावायला हवीत.’ हा समज सगळ्यात खोल रुजलेला आहे आणि तो चांगल्या मनाच्या माणसांचा आहे. पुण्याच्या टेकड्यांवरचं निसर्गतः येणारं रान पानगळीचं, मध्ये मध्ये गवताळ माळ असलेलं. काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर आणि वर्षाचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे, अशा जागी पानं गाळून तग धरणं हीच झाडांची रीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही निष्पर्ण झाडं फुलतात. काटेसावर लालभडक होते, पांगारा पेटतो, गणेरीच्या उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी पिवळीधमक फुलं येतात. काटेसावरीखाली शांत उभं राहिलं, की एकाच झाडावर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी, बुलबुल असे सगळे मधासाठी येताना दिसतात. ज्याला आपण ओसाड म्हणतो, तो पक्ष्यांच्या मेजवानीचा हंगाम असतो.

याच दिवसांत गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेली दुसरी झाडंही दिसतात आणि लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात. ते गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. बोडक्या उतारांवर झटपट वाढतं म्हणून ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्याच्या दाट सावलीत इथलं गवत टिकत नाही आणि गवत गेलं की त्यातले किडे, फुलपाखरं, जमिनीवर राहणारे पक्षी यांचाही आसरा जातो. फेरीत हे समजावणं सोपं जातं. गिरिपुष्पाच्या राईत दहा पावलं चालायचं, मग शेजारच्या माळावर दहा पावलं, आणि दोन्हीकडे वाकून जमीन बघायची. झाड दिसलं म्हणजे जंगल वाढलं, हा हिशेब चुकतो कुठे, ते मग सांगावं लागत नाही.

माळावर ‘काहीच नसतं’ हेही तसंच. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर जेमतेम खळगा करून त्यात अंडी घालते, बहुधा चार. मातकट रंग, वर काळपट ठिपके; दोन हातांवरून पाहिलं तरी ती खडे वाटतात. वाट सोडून सरळ वर चढणाऱ्याचा पाय त्यावर पडू शकतो आणि त्याला कळतही नाही. माहितगार मात्र टिटवीच्या ओरडण्यावरून ओळखतो, की ती घरट्यापासून आपल्याला लांब नेऊ पाहतेय, आणि सगळ्या गटाला मागे फिरवतो. वाट सोडण्याचं नुकसान एवढ्यावर थांबत नाही. आडवाटेने मुरूम मोकळा होतो, पहिल्या जोराच्या पावसात तिथून ओघळ धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याची घळ होते. पाणी कातळाच्या भेगांमधून मुरायचं सोडून मातीसकट खाली धावतं.

‘वाळलेलं गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं,’ असं ठामपणे सांगणारे अजून भेटतात. आगीनंतर हिरवे कोंब लवकर दिसतात, म्हणून तसं वाटतं. त्याच आगीत झाडांची कोवळी रोपं, किड्यांची अंडी, सरडे, घरटी जळून जातात आणि उघडा पडलेला उतार पावसाच्या तोंडी सापडतो.

सापांबद्दल थोडक्यात. दिसलेला प्रत्येक साप विषारी नसतो. धामण बिनविषारी आहे आणि उंदरांवर जगते. पण नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्यातलं कोण समोर आहे, हे ओळखायच्या भानगडीत न पडता थांबायचं, अंतर ठेवायचं आणि त्याला जाऊ द्यायचं, एवढं पाळलं तरी पुरे.

आता व्यायामाचं. ‘थांबत थांबत चालून काय उपयोग?’ ही शंका रास्त आहे. दर दहा पावलांवर झाड बघणाऱ्या फेरीत दम लागत नाही, हे मान्य करायला हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. बोलता येईल पण गाता येणार नाही, अशी गती म्हणजे मध्यम. टेकडीची चढण त्यासाठी उत्तम, पण तो व्यायाम इतर दिवशी करावा. फेरीचा उपयोग वेगळ्यांना होतो. पुण्यात नवीन आलेले, एकट्याने जायला बिचकणाऱ्या बायका, साठीनंतर पुन्हा चालायला लागलेले लोक, शाळकरी मुलं. त्यांना सोबत आणि झेपेल अशी चाल मिळते.

आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याला आणि बोगद्यांना विरोध करायला २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. अशा वेळी ‘टेकडी वाचवा’ म्हणणाऱ्याला तिथे नेमकं काय वाचवायचं आहे, हे नावानिशी सांगता आलं, तर त्याचं म्हणणं खोडणं अवघड जातं.

फेरी निवडताना गट लहान असावा, पंधरा-वीस जणांपर्यंत. पायात पकड असलेले बूट, पाण्याची बाटली, टोपी, फिक्या रंगाचे कपडे हवेत; अत्तर मात्र नको. वाटेत आग्या मोहोळ असू शकतं. एखादी फेरी पावसाळा सुरू झाल्या झाल्या करावी, मुसळीची पांढरी फुलं तेव्हा बघायला मिळतात. आणि पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणारा माहितगार भेटला, तर पुढच्या खेपेला दुसरा गट शोधावा. विणीच्या दिवसांत त्या आवाजाने पक्षी घरटं सोडून प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतात.